प्रोजेक्टरसाठी तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना ॲनिमेशनपटांचा इतिहास मोठ्या पडद्यावर दाखवायचा, असे चवथीपूर्वीच्या बैठकीत ठरले आणि लगेच वाचनालयाच्या प्रोजेक्टरने मान टाकली. दिवा गेला आहे, भिंगाला बुरशी धरली आहे. यंदाच्या पावसात नवल ते काय!

पुढच्या वर्षी करा, असे काहींनी सुचवले. पण निमित्त यंदाचेच आहे. जर्मनीच्या लोटे राइनिगर यांच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमद'ला यंदा 100 वर्षे झाली. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी 1917 मध्येच 'एल अपोस्तोल' केला होता, पण त्याची प्रत उरलेली नाही. त्यामुळे आज पाहता येणारा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट राइनिगरबाईंचाच. 'स्नो व्हाइट' त्यानंतर अकरा वर्षांनी आला, तरी पहिलेपणाचा मान लोक त्यालाच देऊन टाकतात.

काळा पुठ्ठा कातरून बाहुल्या करायच्या, सांधे तारेने जोडायचे, काचेखालून उजेड सोडून एकेक चित्र टिपायचे, ही बाईंची रीत. बाय टीचरनी मे महिन्यात हेच मुलांकडून करून घेतले. काचेऐवजी भाटकारकाकांकडचे शिंपल्यांच्या खिडकीचे जुने झडप आडवे टाकले, खाली बल्ब. सेकंदाला बारा फोटो! 1995 चा 'टॉय स्टोरी', म्हणजे संपूर्ण संगणकावर घडलेला पहिला चित्रपट, ज्यांना जुनाट वाटतो तीच पोरे आपल्या पुठ्ठ्याच्या उंदराची शेपटी हलवण्यासाठी दुपारभर श्वास रोखून उभी होती. तो उंदीरही दाखवायचा आहे. शिवाय युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून दिग्दर्शित केलेले जपानी-भारतीय रामायण आहेच.

मंडळाला हात देणारे कमी नाहीत. कै. मास्तरांनी पेन्शनमधून पडदा दिला आणि तो स्वतः उभे राहून शिवून घेतला. तिस्कावरच्या दादांनी वीज गेली की जनरेटर पाठवला, भाडे कधी विचारले नाही. दुबईच्या मंडळींचे स्पीकर अजून खणखणीत आहेत. या सर्वांचे ऋण आहे.

मात्र एक लिहिल्यावाचून राहवत नाही. गेल्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पैसे चौघांचे. जत्रेच्या पावणीत एकेका नारळाला हजारोंची बोली लागते, त्याचा आनंदच आहे. पण तीच माणसे आमची पावतीपुस्तिका दिसली की वाट बदलतात.

दुरुस्ती 22,000, प्रदर्शनाच्या परवानग्या 9,000, डिझेल व खाऊ 4,000, मिळून 35,000 रुपये, हाती 8,500. रक्कम दसऱ्यापूर्वी, सोमवार सोडून संध्याकाळी 5 ते 7, वाचनालयात खजिनदारांकडेच द्यावी. फलकावरच्या क्यूआरवर पाठवणाऱ्यांनी नाव कळवावे, नाहीतर पावती फाडता येत नाही. काळा पुठ्ठा, तांब्याची तार चालेल. जुने टीव्ही कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही.

आपला,
सचिव