लॅबमधल्या काकांना, एका हातच्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ८०८५ या मायक्रोप्रोसेसर चिपची सरावाची किट कपाटातून काढून देणारे तुम्ही. तुमच्यासमोरून शेकडो मुलं गेली, मी तुम्हाला आठवणार नाही. मला मात्र ती दुपार लख्ख आठवते.

दोन संख्यांची बेरीज करायची होती. पहिलीच सूचना एलएक्सआय एच, २०५० एच, म्हणजे प्रोसेसरला २०५० हा मेमरीतला पत्ता द्यायचा; सूचनेचा कोड २१. पत्ता वहीत दिसला तसाच मी भरला: २१, २०, ५०. प्रोसेसर निघाला ५०२० कडे, आणि तिथे आमच्या किटमध्ये मेमरीच नव्हती. तीनदा रिसेट केलं, उत्तर भलतंच. तुम्ही मागून आलात, डिस्प्ले पाहिलात आणि म्हणालात, "२१, ५०, मग २०. लोअर बाइट आधी." म्हणजे पत्त्याचा एककाकडचा अर्धा भाग आधी. उलटं का, असं मी विचारलं. "अगं, बेरीज कुठून सुरू करतेस? एककापासूनच ना? हातचा पुढे न्यायचा असतो."

मला वाटलं, समजावण्यापुरतं सांगितलंत. नोकरीला लागल्यावर या चिपांचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की खरं कारण तेच होतं! टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या कम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनचं डेटापॉइंट २२०० हे यंत्र. त्याची मेमरी शिफ्ट रजिस्टरची, बिट एकामागून एक रांगेने बाहेर यायचे आणि गणितही एकेका बिटाचंच व्हायचं. हातचा पुढे न्यायचा तर लोअर बाइट आधी हवा.

त्याचा प्रोसेसर एका चिपवर बसवायचं काम इंटेलकडे गेलं. चिपला उशीर झाला; टेक्सासच्या कंपनीने सुट्या टीटीएल आयसी (छोट्या लॉजिक चिपा) जोडून यंत्र बनवलं आणि चिप घेतलीच नाही. इंटेलने ती १९७२ मध्ये ८००८ म्हणून स्वतः विकली. तिच्यात आठही बिट एकदम हलायचे, उलट्या क्रमाची गरज संपली होती, तरी क्रम तसाच राहिला. पुढे १९७४ ची ८०८०, इंटेलच्या फॅजिन आणि शिमा यांनी घडवलेली, तीन वेगवेगळे व्होल्टेज मागणारी. १९७६ ची आपली ८०८५, नुसत्या पाच व्होल्टवर चालणारी. मग १९७८ ची ८०८६, आणि तिच्याच वंशातला माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर. क्रम अजून तोच.

हे अभ्यासक्रमात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या वहीत फक्त "नियम" एवढंच लिहिलेलं होतं.

त्या दिवशी बेरीज बरोबर आली आणि मी जर्नलवर सही घ्यायला पळाले. तुमचे आभार मानायचे राहून गेले, काका. ते आज मानते.