गोदाईला मेंगळट म्हणण्याआधी

प्रिय मंदार,

‘मेझोन इक्कोकू’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे 20 भाग पाहून तू लिहिलंस की तिचा नायक गोदाई म्हणजे निव्वळ मेंगळट, त्याच्यापायी आणखी 76 भाग कोण बघणार? तक्रार रास्त आहे. 96 भाग, प्रत्येकी साधारण 24 मिनिटं, म्हणजे 38 तासांच्या वर जातं. पण तुझं निदान चुकलंय.

गोदाईला निवड करता येत नाही, असं तू म्हणतोस. निवड तर त्याने पहिल्याच भागात केली. शेजाऱ्यांच्या धिंगाण्यात प्रवेश परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून तो भाड्याच्या वाड्यातली खोली सोडून निघालेला असतो. तेवढ्यात वाड्याची नवी व्यवस्थापक क्योको दारात उभी राहते आणि त्याचं जाणं तिथेच राहतं. ही ओढ शेवटपर्यंत बदलत नाही. त्याला जमत नाही ते वेगळंच आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शेजारचा योत्सुया भिंत फोडून खोलीत शिरतो, बाकीचे त्याच्याच खोलीत दारूच्या बैठका मांडतात, हा कुणालाच हाकलत नाही. हे विनोद म्हणून येतं खरं, पण कोझुएचं प्रकरण याच रोगाचं दुसरं लक्षण आहे. जुन्या पार्ट-टाइम कामातली ओळख, दोन-चार भेटी, आणि मुलगी समजून बसते की आपलं जमलंय. वाड्यावर तिचा फोन आला की त्याला निरोप कोण देणार, तर क्योको! एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं. तो वर्षानुवर्षं बोलत नाही, आणि शेवटी गुंता सुटतो तो कोझुए बँकेतल्या सहकाऱ्याशी लग्न ठरवते तेव्हा. इथे मी गोदाईची बाजू घेणार नाही. मूळ चित्रकथेची लेखिका रुमिको ताकाहाशी, तिनेही त्याला जरा स्वस्तात सोडलंय.

त्याची वाढ मात्र तू प्रेमप्रसंगांत शोधतोयस, आणि तिथे ती सापडत नाही. ती पोटापाण्यात आहे. आधी प्रवेश परीक्षेत आपटलेला, मग बेताच्या कॉलेजात, मग नोकरीसाठी वणवण. लागली तर कंपनीच बुडाली. बालवाडीतलं तात्पुरतं काम सुटतं तेव्हा हा एका कॅबरेत लागतो आणि तिथल्या बायकांची मुलं सांभाळतो. वरवर हा घसरणीचा तळ. पण नीट बघ, पोरं याला सोडत नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम याच्या अंगाला बसलेलं दिसतं. पुढे बालसंगोपनाची परीक्षा देऊन तो बालवाडीत परततो आणि त्यानंतरच लग्नाचं विचारतो. खिसा रिकामा असताना शब्द द्यायचा नाही, हा हिशेब त्याने मनाशी बांधलेला आहे. ज्याला तू भित्रेपणा म्हणतोस त्यातला निम्मा भाग हा आहे. उरलेला निम्मा भित्रेपणाच.

आता मिताकाकडे ये. टेनिस शिकवणारा, देखणा, पैसेवाला, मनातलं तोंडावर बोलणारा. याच्यात एकच खोट, कुत्र्यांची भीती. तीही तो स्वतः कुत्रा पाळून घालवतो. स्वतःहून पाऊल उचलणारा ‘सक्रिय’ नायक हवा असेल तर हाच. आणि हरतो तोही कुत्र्यापायीच! ‘बघण्या’तून पुढे आलेल्या आसुनाला दिवस गेले असं समजून तो तिला मागणी घालतो, आणि निघतं काय, तर गाभण तिची कुत्री असते. लेखिका किती खोडकर आहे ते इथे कळतं.

पण गोदाईचा खरा प्रतिस्पर्धी मिताका नव्हेच. तो सोइचिरो, क्योकोचा नवरा, लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत वारलेला. त्याचा चेहरा मालिकेत एकदाही दाखवत नाहीत. फोटोत दिसेल म्हणावं तर तिथेही काहीतरी आड येतं. चेहराच नसलेल्या माणसाशी स्पर्धा कशी करणार? वर वाड्यातल्या कुत्र्याचं नावही सोइचिरो, म्हणजे ते नाव रोज अंगणात हाकारलं जातं. सासरे स्वतः तिला दुसरं लग्न कर म्हणतात, माहेरचेही तेच म्हणतात, आणि तरी ती ओतोनाशी हे नवऱ्याचं आडनाव धरून राहते. विसरली तर त्याचं मरण खरं होईल, ही तिची भीती. म्हणून तीही गोदाईइतकीच थांबलेली असते, फक्त तिच्या थांबण्याला तू मेंगळटपणा म्हणत नाहीस! यागामी नावाची शाळकरी मुलगी पुढे गोदाईच्या मागे लागेल, तेव्हा चिडू नकोस. क्योको तिच्याच वयाची असताना त्याच शाळेत शिकवायला आलेल्या सोइचिरोच्या प्रेमात पडली होती. यागामीत क्योकोला स्वतःचं जुनं रूप दिसतं, तिचा तोल जातो तो त्यामुळे.

गैरसमजांचा मारा मधल्या टप्प्यात अती होतो, हे मान्य. कुणीतरी दारात चुकीच्या क्षणी उभं, अर्धवट ऐकलेलं वाक्य, क्योको दोन दिवस गप्प. असे भाग जेवताना बघितलेस तरी चालतील. नोकरी, बालवाडी, कॅबरे आणि सोइचिरोची पुण्यतिथी येते ते भाग मात्र हातातलं काम ठेवून बघ. 1988चा समारोपाचा चित्रपट मालिका संपल्यावरच काढ, तो लग्नाच्या तोंडावरचा आहे.

आणि एक कान उघडा ठेव. गोदाई तिला एरवी ‘कान्रिनिन-सान’ म्हणतो, म्हणजे ‘व्यवस्थापकबाई’. नाव नाही, हुद्दा. दारू चढल्यावर किंवा जीव कासावीस झाल्यावरच तोंडातून ‘क्योको-सान’ निघतं. सबटायटलमध्ये हा फरक बऱ्याचदा पुसला जातो, तेव्हा मूळ जपानी आवाजातच बघ. शेवटाकडे तो एकटा सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहतो. ‘मी भेटलो तेव्हापासून तिच्यात तुम्ही होतातच, तेव्हा तुमच्यासकट तिला नेतो,’ अशा अर्थाचं काहीतरी सांगतो. मागे क्योको ऐकत असते, त्याला पत्ता नाही. त्या वेळी तो तिला काय म्हणतो ते ऐक आणि मग मला लिही.

तुझा,
सुहास