शटरच्या स्प्रिंगला घरी हात लावू नका

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की रात्री गाडी ठेवायच्या खोलीच्या शटरमध्ये फाडकन आवाज झाला आणि सकाळपासून ते उचलता उचलत नाही. जावईबापू रविवारी मोबाईलवर व्हिडिओ बघून स्प्रिंग स्वतः उघडणार आहेत, हेही तूच सांगितलंस. तेव्हा मी नुसतं 'नको' म्हणालो. का नको, ते नीट सांगायला हवं म्हणून हे लिहितोय. त्यांनाही वाचायला दे.

आवाज होऊन शटर एकदम जड झालं, म्हणजे बहुतेक स्प्रिंग तुटली. खालीच उभं राहून बॅटरीचा उजेड वरच्या पाइपावर मार. त्या पाइपावर दोन स्प्रिंगा बसवलेल्या असतात, त्यांचे वेढे एकमेकांना लागून असतात. मध्येच बोट-दोन बोट फट दिसली, तर तिथेच तुटली आहे. बघायचं काम एवढंच. स्टूल घेऊन वर चढायचं नाही.

शटर खाली ओढलं की त्या स्प्रिंगांना पीळ बसतो आणि वर नेताना तोच पीळ सुटत हाताला जोर देतो. तुमचं शटर 10 बाय 8 फुटांचं, 18 गेज पत्र्याचं. त्याचा पडदा 75 किलोपेक्षा हलका नसणार. एवढं वजन तू रोज एकटी उचलत होतीस, ते स्प्रिंगच्या जिवावर. आणि नीट लक्षात घे, शटर बंद असतं तेव्हाच स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण असतो. एक तुटली तरी दुसरी तशीच पिळलेली आहे. पाइप दोन्हीकडच्या ब्रॅकेटला यू क्लॅम्पने आवळलेला असतो. त्याचे नट ढिले झाले की पाइप गरकन फिरतो आणि हातातला पाना तोंडावर येतो. शिडीवरच्या माणसाला बाजूला व्हायला जागाही नसते. जाणते मिस्त्री म्हणूनच जोडीने काम करतात. एक जण मोठ्या पान्याने पाइप धरून ठेवतो, मग दुसरा नट सोडतो. व्हिडिओत हे सोपं दिसतं, कारण करणाऱ्याचा हात त्यात बसलेला असतो.

तोवर शटर बंदच राहू दे. गाडी आत अडकली तर अडकू दे, चार दिवस रिक्षाने जा. अगदीच अडचण आली तर दोन धट्टीकट्टी माणसं दोन टोकांना लावून सारखं उचला आणि दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी टेकू द्या. त्या वेळी लेकरं घरात हवीत. आणि पुढेमागे कधी शटर वर असतानाच स्प्रिंग तुटली, तर त्याच्या खालून ये-जा करू नका, ओढून खाली आणायलाही जाऊ नका.

मिस्त्री आला की दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलायला सांग. दोघींनी सारखंच काम केलंय, दुसरीही आता फार टिकायची नाही. जुन्या तारेची जाडी मोजून तेवढ्याच जाडीची नवी घ्या. 'थोडी जाड टाकू, मजबूत होईल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. बाकी माप तेच ठेवून 5 मिलिमीटरच्या जागी 6 ची तार घातली, की स्प्रिंगचा ताठपणा दुपटीवर जातो. मग शटर वर धाडकन जातं आणि खाली ओढताना घाम फुटतो.

जावईबापूंना हौस आहे, तर त्यांना गाइड, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ज्या खाचांतून शटर सरकतं त्या, साफ करू दे. ते काम घरच्या माणसानेच करावं, इतकं नीट मिस्त्री करत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वावटळी उठतात, ती धूळ गाइडच्या खाचेत जाऊन बसते. त्यावर कोणी ग्रीस थापलं की चिकट लगदा होतो आणि पट्ट्या घासायला लागतात. जुनं ग्रीस खरवडून, कोरड्या ब्रशने खाच झाडून, हलका सिलिकॉन स्प्रे मारला की पुरे. लोक म्हणतात उन्हाने लोखंड फुगलं म्हणून शटर अडतं. 10 फुटी पट्टी 30 अंशांनी तापली तरी जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. गाइडमध्ये त्याहून जास्त जागा असते. शटर हळूहळू जड होत गेलं, तर आधी धूळच बघायची.

नवी स्प्रिंग बसली की मिस्त्रीला पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच शटर अर्ध्यावर थांबवून बघ. तिथेच थांबलं तर ताण बरोबर. खाली घसरलं तर कमी, आपोआप वर पळालं तर जास्त. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली, तर दोन्ही स्प्रिंगांचा पीळ सारखा नाही. तो गेल्यावर परत बोलवायला फार त्रास पडतो, तेव्हा समोरच दुरुस्त करून घे.

रविवारी मी फोन करीनच. मिस्त्री मिळत नसेल तर तसं सांग, धुळ्यात माझ्या ओळखीचे दोघे आहेत, त्यांना पाठवतो. आखाजीला यायचं मात्र पक्कं कर, आईने पापड-कुरडया तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात.

तुझे,
आप्पा