लासवारीचा लेक आणि आयर्लंडमधला लेक

संपादक महोदय,

१८०३च्या इंग्रज-मराठा युद्धावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लासवारीच्या रणात शिंद्यांच्या कवायती पलटणी शेवटपर्यंत कशा झुंजल्या, हे त्यात उत्तम आले आहे. मात्र त्यांच्याविरुद्ध इंग्रज फौजेचे नेतृत्व करणाऱ्या जनरल जेरार्ड लेकचा उल्लेख ‘कधीही न हरलेला सेनापती’ असा झाला आहे, तो दुरुस्त करायला हवा. लासवारीच्या जेमतेम पाच वर्षे आधी, २७ ऑगस्ट १७९८ रोजी, आयर्लंडच्या पश्चिमेला कॅसलबार येथे याच लेकच्या फौजेची अशी दाणादाण उडाली, की ती पळापळ ‘कॅसलबारची शर्यत’ या कुचेष्टेच्या नावानेच इतिहासात नोंदली गेली.

इंग्रज सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश बंडखोरांची सारी भिस्त फ्रान्सवर होती आणि फ्रान्सची मदत कधीच वेळेवर आली नाही. डिसेंबर १७९६ मध्ये सुमारे १५,००० सैनिक घेऊन निघालेले फ्रेंच आरमार वादळामुळे बँट्रीच्या खाडीतून फौज न उतरवताच परतले. मे १७९८ मध्ये आयर्लंडमध्ये उठाव पेटला, तर त्याच महिन्यात बोनापार्टने मोठी फौज घेऊन इजिप्तची वाट धरली. जूनमध्ये लेकने व्हिनेगर हिल येथे वेक्सफर्डचा उठाव चिरडला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी फ्रेंच जनरल अंबेर हजारएक शिपायांनिशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किलालाजवळ उतरला. एवढ्या तुटपुंज्या बळावर त्याने स्थानिक शेतकऱ्यांना निळे गणवेश आणि बंदुका वाटल्या, इंग्रज सरळ रस्त्यावर वाट पाहत असताना रात्रभर पावसातून डोंगरातल्या आडवाटेने चाल केली आणि पहाटे कॅसलबार गाठले. सरकारी मिलिशियातले काही आयरिश शिपाई तर त्यालाच येऊन मिळाले.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथे अंबेरला प्रचंड इंग्रज फौजेने गाठले. या मोहिमेची सूत्रे आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट (म्हणजे इंग्रज राजाचा प्रतिनिधी) कॉर्नवॉलिसकडे होती; टिपूविरुद्ध मराठ्यांशी हातमिळवणी करणारा, तोच हा कॉर्नवॉलिस. थोड्याच वेळात फ्रेंचांनी शस्त्रे ठेवली. आठशेहून अधिक फ्रेंच युद्धकैदी ठरले, त्यांना कालव्यातल्या होड्यांतून डब्लिनला नेण्यात आले आणि पुढे ते मायदेशी परतले. त्यांच्या शब्दावर घरदार सोडून आलेल्या शेतकऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती. दलदलीत पाठलाग करून शेकडोंना कापून काढण्यात आले. बार्थॉलोम्यू टीलिंग आणि मॅथ्यू टोन हे तर फ्रेंच सैन्यातले रीतसर अधिकारी होते, पण जन्माने आयरिश म्हणून त्यांना डब्लिनमध्ये फाशी झाली.

शिंद्यांच्या फ्रेंच सेनानींबद्दल आपल्या लेखकांनी ‘दगा’ हा एकच शब्द वापरला आहे. त्यांचा प्रमुख पेरों याच्याबाबत तो गैर नाही, कारण युद्ध ऐन रंगात असताना तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि पुढे साठवलेल्या दौलतीसह फ्रान्सला पोहोचला. पण अंबेरने कोणालाही फसवले नव्हते, तो अखेरपर्यंत लढला. तरीही शरणागतीनंतर त्याची माणसे वाचली आणि स्थानिक मेले. तेव्हा प्रश्न एकट्या पेरोंच्या इमानाचा नव्हता. युरोपीय अधिकारी निघून गेल्यावरही १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला ज्या पलटणी तोफांपाशी उभ्या राहिल्या, त्यांचे नेतृत्व फ्रेंच अधिकाऱ्यांनी केले असते तर निकालाची खात्री देता आली नसती, असे खुद्द लेकनेच नंतर लिहून ठेवले आहे.

आपला,
एक वाचक, सातारा