आधीच्या पेशंटची भीती आमच्या कागदावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसात सासऱ्यांना (वय 78, बीपी आणि डायबेटीस दोन्ही) धडधड व्हायला लागली म्हणून फोंड्यात एका डॉक्टरांकडे नेलं, ईसीजीत ठोके अनियमित निघाले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले. हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, रक्त पातळ करायची गोळी लागेल हे त्यांनीच सांगितलं आणि लिहायलाही घेतली. मग पेन थांबलं. "नको, परवाच एका आजोबांना ह्याच गोळीने पोटात ब्लीडिंग झालं, आयसीयूत आहेत" म्हणाले आणि नाव खोडून खाली ॲस्पिरिन लिहिली. तो कागद अजून माझ्याकडे आहे, दोन रेघा मारल्यात पण रेघांखालचं गोळीचं नाव वाचता येतं.

खरं सांगते, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं, डॉक्टर जपून आहेत म्हणून. घरी आल्यावर डोक्यात आलं, ते आजोबा कोण, त्यांना अल्सर होता का, पेनकिलर चालू होत्या का, आणि त्यांचा आमच्या सासऱ्यांशी संबंध काय?

मग मी वाचायला बसले तेव्हा कळलं की हे एकट्या त्या डॉक्टरांचं नाही. 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅनडातल्या ओंटारियोचा एक अभ्यास आला होता. वॉरफरिनवर (रक्त पातळ करायची गोळी) असलेल्या एका पेशंटला मोठा रक्तस्राव झाला की तेच डॉक्टर पुढचे 90 दिवस दुसऱ्यांना वॉरफरिन लिहायला कचरायचे, शक्यता 21 टक्क्यांनी घटलेली. पण गोळी चालू नसलेल्या पेशंटला स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका आला तर? काही फरक नाही, लिहिण्याचं प्रमाण होतं तेवढंच. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. गोळीने रक्त गेलं तर "माझ्या हातून झालं", गोळी न दिल्याने झटका आला तर "वय झालं होतं हो". नातेवाईकही तसंच बोलतात, आपण पण काही कमी नाही, रक्तस्राव झाला की केबिनमध्ये जाऊन आरडाओरडा आणि झटका आला की देवाची मर्जी. बाळंतपणातही तेच, 2021 साली अमेरिकेतल्या डिलिव्हरींच्या नोंदी तपासल्या तर नॉर्मलमध्ये गुंतागुंत झाली की त्याच डॉक्टरचा पुढच्या बाईसाठी सिझेरियनकडे कल वाढायचा आणि सिझेरियनमध्ये झाली की नॉर्मलकडे.

आता कोणी म्हणेल मग अनुभवाला किंमतच नाही का, तर आहे ना. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर कोणाला ताप आला आणि वाळपईच्या डॉक्टरला मागच्या आठवड्यातला माकडतापाचा पेशंट आठवला तर ते बरोबरच आहे, तो आजार गोचिडींतून तिथे खरंच फिरत असतो (2015 ला पाळी गावात आलेली माकडतापाची साथ सत्तरीवाले विसरलेले नाहीत). पावसात डेंग्यू आठवणंही तसंच. पण ताप गावात पसरतो, एका म्हाताऱ्याच्या पोटातला रक्तस्राव दुसऱ्या म्हाताऱ्याला लागत नाही हो!

यांचा मित्र म्हणाला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजमध्ये दाखवा. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी झटक्याचा धोका बोटांवर मोजून दाखवला, 75 च्या वर वय म्हणून दोन मार्क, बीपीचा एक, डायबेटीसचा एक, झाले चार, पुरुषाला दोन झाले तरी गोळीचा विचार करतात. मग रक्तस्रावाचा धोका पण तसाच मोजला, किडनी, हिमोग्लोबिन, जुना अल्सर, दारू सगळं विचारलं, आणि ॲस्पिरिन बंद करून खोडलेलीच गोळी परत लिहिली. दहा मिनिटं लागली असतील, बाहेर रांग होती तरी.

माझं म्हणणं एवढंच की हे मार्क कागदावर लिहून द्यायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे पाडा, सरकारी असो नाहीतर प्रायव्हेट. आणि वाचकांनो, डॉक्टर "परवाच एक केस बघितली" म्हणाले तर घाबरून मान डोलावू नका, त्या पेशंटला काय होतं आणि आमच्या माणसाला काय आहे हे नीट विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

सासऱ्यांची गोळी चालू आहे. दाढी करताना कापलं की रक्त उशिरा थांबतं म्हणून यांनी इलेक्ट्रिक रेझर आणून दिलाय, पण सासऱ्यांना ब्लेडच हवं, त्यावरून रोज सकाळी घरात वाद.

आपली,
एक वाचक, फोंडा