चवथीआधी वॅक्स नको गो, आधी कातडी बरी होऊ दे

म्हापसा

प्रिय सुषमा,

काल रात्री मांडीवरच्या पुटकुळ्यांचे फोटो पाठवलेस आणि लगेच डिलीट केलेस, पण मी तोवर बघितले होते. फोनवर तू विषयच बदललास म्हणून आता निवांत लिहिते. यात लाजण्यासारखं काही नाही बाय. फार्मसीच्या काउंटरवर मी रोज उभी असते, दाढी करून मानेवर पुटकुळ्या आलेले पुरुष येतात, पार्लरला जाऊन आठवडा झाला की मुली येतात, आणि सगळेच आवाज खाली करून विचारतात.

ते मुरूम नाहीत, वॅक्सनंतर कातडीत अडकलेले केस आहेत. वॅक्स ओढताना काही केस मुळासकट न निघता कातडीच्या आतच तुटतात, मग वाढताना ते टोक आतच वळतं, नाहीतर वर येऊन गोल फिरून परत कातडीत शिरतं, आणि शरीर त्याला बाहेरून घुसलेल्या काट्यासारखं समजून तिथे सूज आणतं, कधी पू सुद्धा. जाड कुरळ्या केसांना हे जास्त होतं. त्यात तू घट्ट जीन्स घालून डिचोली ते पणजी रोज स्कूटरवर, पावसाने नाहीतर घामाने ओली, कपडे धड वाळत नाहीत, मग घासून घासून तिथे आग होणारच ना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती शेजारणीने दिलेली ट्यूब आजपासून बंद कर. नाव वाचून दाखवलंस तेव्हाच कळलं, त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र आहे. लावल्यावर दोन दिवस लाली जाते म्हणून लोकांना ती जादू वाटते, पण मांडीच्या सांध्यातली कातडी आधीच नाजूक, ती पातळ होते, कायमचे व्रण पडतात, आणि खाली नायटा असला तर तो दबून पसरत राहतो. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी ती घरोघरी फिरतायतच, मला याचा फार राग येतो.

आणि सुई, चिमटा, नखं काही लावू नको. खोलवरचा केस उकरून काढायला गेलं की जखम मोठी होते, जंतू शिरतात आणि काळा डाग मागे राहतो, आपल्या सावळ्या रंगाला तो डाग महिनोन्महिने जात नाही.

करायचं ते इतकंच. सकाळ संध्याकाळ स्वच्छ मऊ कपडा कोमट पाण्यात भिजवून १०-१५ मिनिटं शेक दे, मग त्याच कपड्याने अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरव, जोर लावू नको, लूफा तर नकोच. बरेचसे केस असेच आपोआप वर येतात. नंतर साधं मॉइश्चरायझर, घरात सैल सुती पँट. जिथे फुटलेलं नाही अशा मांडीच्या भागावर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लोशन चालतं पण तुम्ही बाळासाठी प्रयत्न करताय म्हणालीस ना, म्हणून तेही डॉक्टरला विचारूनच घे, आणि अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनोइन ही मुरुमांवरची औषधं कुणी सुचवली तर आधी हे सांग, बाळासाठी प्रयत्न करताना आणि गरोदरपणात ती टाळतात.

चवथीला अजून महिना आहे, तुझं मन आहे की आदल्या आठवड्यात परत वॅक्स करून घ्यावं, सगळी सासरची माणसं जमणार म्हणून. नको करू. हा महिना कातडीला मोकळा मिळाला तर निम्मं दुखणं औषधाशिवाय जाईल. साडीच नेसणार आहेस, पाय कोण बघायला बसलंय, आणि बघितले तरी काय.

पुढे केस काढायचेच झाले तर ट्रिमर वापर, एखाद मिलिमीटर केस शिल्लक राहिला की तो आत वळत नाही. रेझरच हवा तर आंघोळीनंतर, जेल लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, कातडी न ताणता. तीन-चार पात्यांचे महागडे रेझर उलट वाईट, पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या खाली कापतं. लेझर हा खरा लांबचा उपाय, सावळ्या कातडीला एनडी याग नावाचा लेझर जास्त सुरक्षित मानतात, पण वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच तो काम करतो म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने बऱ्याच वेळा जावं लागतं. तो बाळ झाल्यावर बघू.

एक फोटो मात्र मला आवडला नाही, डाव्या मांडीवरची ती मोठी गाठ. ती गरम लागते का? लाली पसरत असेल, दुखणं वाढत असेल किंवा ताप आला तर थांबू नको, ते गळू असू शकतं आणि त्याला डॉक्टरच लागतो. गोल, कडेला लाल आणि खूप खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा, त्याचं औषध वेगळं. एकटी जायला नको वाटत असेल तर मी येते, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्किनच्या ओपीडीत जाऊ, माझी सुट्टी मी बदलून घेईन. लेडी डॉक्टर असतील तर त्यांनाच दाखवायचं असं आधीच सांगू.

गाठीचा फोटो आज परत पाठव, उजेडात काढलेला, आणि डिलीट करू नको.

तुझी,
मंगल