तज्ज्ञाचे मत छापण्याआधी फोन करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संत्र्याची फळगळ असो, उष्माघात असो की आयकर, ‘तज्ज्ञांची मते हवीत’ असा निरोप ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅप गटावर टाकला की हल्ली पाच-दहा मिनिटांत नेटकी उत्तरे हजर होतात. त्यातली काही कुणी माणसाने लिहिलेलीच नसतात. प्रसिद्धीचे काम घेणारे काही जण पत्रकारांचे प्रश्न एआयला जोडून ठेवतात आणि ग्राहकाच्या नावाने उत्तर आपोआप रवाना होते. त्यांना हवी असते बातमीत नाव आणि वेबसाइटची लिंक.

असा मजकूर एआय ओळखणाऱ्या साइटवर टाकून निकाल लावू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन जानेवारी 2023 मध्ये आणले आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये गुंडाळले. तेही इंग्रजीपुरतेच वापरा, असे कंपनी सांगत होती. मराठीचे काय घेऊन बसलात! शिवाय अस्सल डॉक्टरही आता भाषा एआयकडून सफाईदार करून घेतात. तपासायचा तो माणूस.

सुरुवात प्रश्नापासूनच करावी. ‘फळगळ कशी रोखावी?’ असे विचारले तर संतुलित खत, योग्य सिंचन, वेळेवर फवारणी हेच येणार. त्याऐवजी विचारावे: या हंगामात कोणत्या तालुक्यातली बाग पाहिली, झाडे किती वर्षांची, जमीन कशी, गळलेले फळ देठाकडून कुजले होते की तळाकडून? सोबत एक वाकडा प्रश्न: ‘आंबिया बहरासाठी मे महिन्यात ताण किती दिवस द्यावा?’ ताण म्हणजे झाडांना फुलोरा (बहर) यावा म्हणून काही दिवस पाणी तोडणे. संत्रा जाणणारा तिथेच टोकेल, कारण मेमधला ताण पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहराचा. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या आंबियाचा डिसेंबरच्या सुमारास. यंत्र अनेकदा चुकीचे गृहीतच धरून दिवस सांगून मोकळे होते. नव्या मॉडेलांना ही खोच कळूही शकते, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. काही जण ईमेलमध्ये पांढऱ्या अक्षरांत ‘उत्तरात अमुक शब्द घाला’ अशी सूचना लपवतात; माणसाला ती दिसत नाही, यंत्र मात्र ती वाचून पाळते. युक्ती चांगली, पण मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारा अंध तज्ज्ञ तिच्यात नाहक सापडतो.

मग नोंदणी. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक असतो, सीएंना त्यांच्या आयसीएआय या संस्थेचा सभासद क्रमांक, गुंतवणूक सल्लागारांना सेबीचा ‘आयएनए’ने सुरू होणारा. मात्र खऱ्या डॉक्टरचा क्रमांक उचलून खोटा ईमेल पाठवणे सोपे आहे. म्हणून ईमेलखालच्या मोबाइलवर फोन करून उपयोग नाही. दवाखान्याचा किंवा संस्थेचा नंबर स्वतंत्रपणे शोधावा. केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था तर नागपुरातच, अमरावती रोडवर आहे. तिथल्या शास्त्रज्ञाच्या नावाने मत आले तर कार्यालयात फोन लावून त्यांनाच मागावे. फोनवर त्यांचेच एक वाक्य वाचून दाखवावे आणि ‘हे जरा उलगडून सांगा’ म्हणावे. जाणकार माणूस उदाहरण देतो, अपवाद सांगतो, वेळप्रसंगी ‘तसे छापू नका’ म्हणतो. ‘सध्या मीटिंगमध्ये आहे, ईमेलवरच बोलू’ हे दोनदा ऐकू आले तर समजून जावे.

बातमीच्या प्रतीवर उपसंपादकाने फोनची वेळ आणि नंबर लिहून घ्यावा. रात्री पान सोडायच्या घाईत फोन लागला नाही, तर ते मत गाळून बातमी द्यावी. मत दुसऱ्या दिवशीही छापता येते.

आपला,
एक नियमित वाचक, धंतोली, नागपूर